नेमकी अक्षरे, लांब शब्द: वत्सगुल्मापासून आजपर्यंतचा आढावा

वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. ही सहा नावे फळ्यावर लिहून मुलांना तीन प्रश्न विचारता येतात. सर्वांत लांब नाव कोणते? ‘ळ’ कोणत्या नावात आहे? आणि ओठांची मदत न घेता कोणते नाव उच्चारता येते?

पहिल्या दोन्हींचे उत्तर मंगरूळपीर. तिसऱ्याला थोडे थांबावे लागते. वाशीम, मालेगाव आणि मानोरा ‘म’मुळे बाद होतात. मंगरूळपीरमध्ये ‘म’, ‘ऊ’ आणि ‘प’ असे तिन्ही ओष्ठ्य वर्ण आहेत. रिसोडमध्ये ओठ मिटत नाहीत, पण ‘ओ’साठी गोल मात्र होतात. निर्विवादपणे उरते ते एकटे कारंजा.

हवी ती अक्षरे असलेले, किंवा नको ती अक्षरे नसलेले शब्द शोधणे हा वरवर पाहता रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्याचा विषय आहे. पण त्याच्या मुळाशी काव्यशास्त्र, व्याकरण, कोशरचना, शुद्धलेखन आणि आता संगणकशास्त्र अशा पाच विद्यांचे प्रश्न आहेत. मराठीत या पाचही अंगांनी विचार झाला आहे, पण तो विखुरलेला आहे. तो एका जागी मांडण्याचा हा प्रयत्न. सुरुवात वाशीमपासून करण्याला कारण आहे.

वत्सगुल्माचा वारसा

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिला गेला होता, आणि त्यात संस्कृत व प्राकृत अशा दोन्ही भाषा आहेत. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञाने त्याची दखल घेतली आहे.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा राजशेखर ‘काव्यमीमांसे’त एक सुंदर कथा सांगतो. काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते आणि अखेर दोघांचा विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. याच राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटले आहे. वच्छोम हे वत्सगुल्माचे प्राकृत रूप. म्हणजे ज्या लेखनशैलीला सारा भारत विदर्भाच्या नावाने ओळखत होता, तिला वाशीमचेही नाव होते.

या शैलीची व्याख्या आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. पुढे अकराव्या शतकात काव्यशास्त्रज्ञ मम्मटाने माधुर्य गुणाला पोषक वर्ण कोणते हे मोजून सांगितले. ट-वर्ग सोडून बाकीचे स्पर्शवर्ण, त्यांच्या जोडीला त्यांच्याच वर्गाचे अनुनासिक, ऱ्हस्व स्वराचे ‘र’ आणि ‘ण’. समास नसावा किंवा बेताचा असावा. याउलट ओज गुणाला ट-वर्ग, ‘श’, ‘ष’, रफारयुक्त जोडाक्षरे आणि लांबलचक समास लागतात. माधुर्य वैदर्भीकडे आणि ओज गौडी या दुसऱ्या रीतीकडे, अशी साधारण विभागणी झाली. कोणती अक्षरे घ्यायची आणि शब्द किती लांब होऊ द्यायचा, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर एका शैलीची ओळख ठरली.

यावर मम्मटाच्या आधीच्या काव्यशास्त्रज्ञांतही एकमत नव्हते. भामहाला वैदर्भ आणि गौड हा भेदच मान्य नव्हता. लोक एकामागोमाग एक तसे म्हणत आले, एवढाच त्याला आधार आहे असे त्याचे मत होते. दंडीने दोन्ही मार्गांतला फरक गुणांच्या आधारे तपशिलाने मांडला. वामनाने तर रीती हाच काव्याचा आत्मा ठरवला आणि सर्व गुण वैदर्भीत असल्याचे सांगितले.

अक्षरांचे बंधन: बाजूचे आणि विरोधातले

काही अक्षरे पसंत करणे ही एक गोष्ट; ठरावीक अक्षरे पूर्ण वर्ज्य करणे किंवा तीच तेवढी वापरणे ही त्यापुढची. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात अशा ‘दुष्कर’ रचनांचे नियम दिले आहेत. स्वरांचे बंधन, उच्चारस्थानांचे बंधन आणि वर्णांचे बंधन असे तीन प्रकार तो करतो आणि चारपासून एकापर्यंत संख्या कमी करत नेतो.

दंडीच्याच नावावर असलेल्या ‘दशकुमारचरिता’च्या सातव्या उच्छ्वासात या बंधनाला कथेतच कारण दिले आहे. मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावले आहेत, म्हणून तो आपली सगळी हकिगत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. त्यापुढच्या आठव्या उच्छ्वासाची कथा विदर्भात घडते आणि इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांना तिच्यात वाकाटकांच्या अखेरच्या काळाचे प्रतिबिंब दिसले. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग एकाक्षरी आणि द्व्यक्षरी श्लोकांसाठी प्रसिद्ध आहेत.

मराठीत हे काम मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ज्या प्रमाणावर केले, त्याला जोड नाही. बारामतीत राहून त्यांनी रचलेली १०८ रामायणे म्हणजे अक्षरबंधनाची प्रयोगशाळाच. काहींत त्यांनी ‘श्रीराम जयराम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे ओवून टाकली. ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले. यातली अडचण क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. ‘म’ वर्ज्य केला की ‘राम’ हा शब्दच हातातून जातो. ‘रघू’मधला उकार ओष्ठ्य, म्हणून तोही जातो. ‘दाशरथी’ आणि ‘सीतानाथ’ मात्र नियमात बसतात. नायकाचे नावच घ्यायचे नाही आणि त्याचीच कथा सांगायची, यासाठी कवीला भाषेचे सगळे कप्पे उघडावे लागतात.

अशा रचनेबद्दल दोन भूमिका आहेत आणि दोन्हींना वजन आहे. आनंदवर्धनाने अशा चित्रकाव्याला, म्हणजे शब्दांच्या कसरतीला, काव्याची नक्कल मानले. यमकासारखी खटपट रसाच्या आड येते, विशेषतः विरहाच्या शृंगारात, असे त्याने बजावले. मम्मटानेही चित्रकाव्याला काव्याच्या उतरंडीत सर्वांत खालची पायरी दिली. मराठीत वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडले, त्यात कौतुकही होते आणि टोकणेही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की बंधनामुळे कवी नेहमीच्या शब्दाच्या पलीकडे जातो आणि भाषेचा न वापरलेला साठा बाहेर येतो. मोरोपंतांच्या कवितेची बाजू विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त आदराने मांडली. विसाव्या शतकात युरोपातही हाच विचार नव्याने पुढे आला. १९६० मध्ये फ्रान्समध्ये उलिपो हा लेखक-गणितज्ञांचा गट स्थापन झाला आणि १९६९ मध्ये त्यातल्या जॉर्ज पेरेक यांनी फ्रेंचमध्ये सर्वाधिक लागणारे ‘ई’ हे अक्षर न वापरता एक अख्खी कादंबरी लिहिली. तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पेरेक यांनी टाळले ते लिपीतले एक चिन्ह. मोरोपंतांनी टाळला तो उच्चारस्थानाने बांधलेला ध्वनींचा एक गट. आपल्या परंपरेत अक्षर आधी कानाचे आहे, मग डोळ्याचे.

अक्षर म्हणजे किती?

कोणता शब्द लांब, हे ठरवायला मोजायचे एकक हवे. मराठीत तीन एकके वापरात आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात.

पहिले एकक अक्षर, म्हणजे स्वरासह पूर्ण झालेला उच्चार. ओवी-अभंग याच मापाने चालतात. मोठ्या अभंगातली सहा, सहा, सहा, चार ही मोजणी अक्षरांची. जोडाक्षर कितीही भरगच्च असले तरी ते एकच. छापील शब्दकोड्याचा चौकोनही हेच माप मानतो.

दुसरे एकक वर्ण. व्याकरण शब्द फोडते ते वर्णांत. ‘त्स’ म्हणजे त्, स् आणि अ. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी लिपी आणि वर्णमाला प्रमाणित केली. व्याकरणाच्या पुस्तकांत ती आता ५२ वर्णांची शिकवली जाते: १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही दोन विशेष संयुक्त व्यंजने.

तिसरे एकक संगणकाचे. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा गट दिलेला आहे. त्यात व्यंजनाला एक संकेत, मात्रेला एक, अनुस्वाराला एक आणि हलन्ताच्या खुणेला एक. वर्णमालेत एक वर्ण म्हणून बसलेला ‘क्ष’ इथे क, हलन्त आणि ष असा तीन संकेतांचा होतो.

आता दोन नावे शेजारी ठेवून पाहू. मंगरूळपीर: अक्षरे ६, युनिकोडचे संकेत ९, वर्ण १३. वत्सगुल्म: अक्षरे ४, संकेत ९, वर्ण १०. अक्षरे मोजली तर मंगरूळपीर दीडपट लांब. संगणकाला विचारले तर दोन्ही सारखीच. त्यात मराठी माणूस ‘मंगरूळपीर’ म्हणताना ‘ळ’ आणि शेवटचा ‘र’ यांतला अकार उच्चारत नाही, म्हणून कानाने मोजले तर तेराचे अकराच वर्ण उरतात. एकाच नावाची चार मापे झाली आणि प्रत्येक माप आपापल्या जागी खरे आहे.

उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या शब्दांतही हेच दिसते. ‘नवजीवन’ हा शब्द अक्षरांनी वाचला तर दोन्हीकडून सारखा. पण संगणकाने संकेत जसेच्या तसे उलटवले की ‘ज’वरची मात्रा ‘व’वर जाऊन बसते आणि शब्द मोडतो. ‘कडक’ किंवा ‘सरस’ला हा धोका नाही, कारण त्यांत मात्राच नाही.

सर्वांत लांब शब्द

मराठीतला सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत विचारला जातो. त्याची तीन प्रकारची उत्तरे दिली जातात.

कोशवादी भूमिका अशी की कोशात स्वतंत्र नोंद असलेला शब्दच धरावा. तसे केले तर ‘किंकर्तव्यविमूढ’सारखा सात अक्षरी शब्दही दांडगा वाटतो. या भूमिकेत वाद कमी होतात, पण बोलणाऱ्याच्या तोंडातली भाषा बाहेर राहते.

दुसरी भूमिका रूपांची. मराठीत शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. हिंदीत जे तीन-चार सुटे शब्द होतात, त्यांचा मराठीत एकच होतो. ‘मंगरूळपीरवाल्यांपैकीसुद्धा’ हा शब्द बारा अक्षरी आहे आणि रोजच्या बोलण्यात खटकणार नाही. ही रूपे मराठीचा खरा स्वभाव दाखवतात. पण त्यांची यादी कुठेच पुरी होणार नाही, कारण प्रत्येक नामाला प्रत्ययांची साखळी लागू शकते.

तिसरी भूमिका समासाची, आणि ती आपल्याला संस्कृतकडे नेते. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या काळात, सोळाव्या शतकात, तिरुमलांबा या कवयित्रीने लिहिलेल्या ‘वरदांबिकापरिणयचंपू’त देवनागरीतल्या १९५ अक्षरांचा एक समास आहे. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली आणि रोमन लिपीत तो ४२८ अक्षरांचा होतो असे सांगितले. इथेही एककाचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच: लिपी बदलली की लांबी दुपटीहून वाढते. आणि समासाला तत्त्वतः शेवटच नसल्याने हा विक्रम कुणीही, कधीही, वाक्यभर समास रचून मोडू शकतो.

शोधायचे कशाने?

अक्षरांवरून शब्द शोधण्याची गरज आपल्याकडच्या कोशकारांना फार पूर्वी जाणवली होती. महेश्वराचा ‘विश्वप्रकाश’ (इ.स. ११११) आणि त्यानंतरचा ‘मेदिनीकोश’ यांत शब्द अंत्य व्यंजनानुसार लावलेले आहेत: आधी ‘क’ने संपणारे, मग ‘ख’ने. त्यातही अक्षरसंख्येनुसार पोटविभाग. हेमचंद्राच्या ‘अनेकार्थसंग्रहा’त एकस्वरी, द्विस्वरी असे विभाग आहेत. यमक जुळवणाऱ्या कवीला ‘तीन अक्षरांचा, शेवटी र असलेला शब्द’ थेट काढता येत होता. पाणिनीचे प्रत्याहार हेही वर्णांचा अख्खा गट दोन-तीन वर्णांत सांगण्याचे साधन. आज संगणकाला शोधाचा नमुना लिहून देतात, त्याच जातीचे.

मराठीत छापील कोश आले ते आद्याक्षराचा क्रम घेऊन. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्दांवर गेला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात आले आणि १९५० मध्ये पुरवणी. अर्थ शोधणाऱ्यासाठी हे भांडार अपूर्व आहे. पण मधले किंवा शेवटचे अक्षर माहीत असलेल्याला त्यात पानोपान चाळण्यावाचून मार्ग नव्हता.

हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पात संगणकावर आले आणि परिस्थिती पालटली. आता शब्दाच्या पोटातले अक्षरही शोधता येते. मुंबईच्या आयआयटीत उभे राहिलेले मराठी वर्डनेट शब्दांना अर्थांच्या नात्यांनी जोडते. दिलेल्या अक्षरांपासून शब्द काढण्याची कृतीही सोपी आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची, दिलेली अक्षरे तशीच लावायची आणि जुळणी पाहायची. मात्र ही मांडणी अक्षरांची करायची की संकेतांची, हे आधी ठरवले नाही तर सुटलेल्या मात्रा भलत्या व्यंजनाला चिकटतात.

जिथे शोध अडतो

साधने आली तरी काही अडथळे भाषेतलेच आहेत. पहिला लेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे मराठी अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल. त्या न्यायाने ‘वाशीम’. पण ‘वाशिम’ हे रूपही सरकारी आणि छापील मजकुरात सर्रास आढळते. ‘शी’ असलेले शब्द शोधणाऱ्याला ‘वाशिम’ सापडणार नाही. ‘मंगरूळपीर’ आणि ‘मंगरुळपीर’ यांचेही तेच.

दुसरा अडथळा संकेतांचा. ‘वऱ्हाड’मधला आडवा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका रीतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या रीतीने शोधला तर, आधी दोन्ही एकरूप करून घेतले नसतील तेव्हा, हाती लागत नाही. आपल्या मुलखाचे नावच असे दोन चेहऱ्यांचे आहे.

तिसरा अनुस्वाराचा. ‘कारंजा’मध्ये उच्चारात ‘ञ’ आहे, ‘मंगरूळ’मध्ये ‘ङ’ आहे, पण लिहिताना दोन्हीकडे बिंदूच. अक्षर शोधायचे की ध्वनी, हा प्रश्न इथे टाळता येत नाही.

चौथा बोलीचा. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ‘ळ’ असलेल्या शब्दांची यादी प्रमाण मराठीसाठी एक आणि वऱ्हाडीसाठी दुसरी होईल. खुद्द वाशीमची कथाही हीच आहे. वत्सगुल्मातली जोडाक्षरे प्राकृतात झिजली, वच्छोम झाले, आणि आजच्या नावात ‘त्स’, ‘गु’ किंवा ‘ल्म’ यांतले काहीच जसेच्या तसे उरले नाही. अक्षरांवरून शोधणाऱ्याला वाशीममध्ये वत्सगुल्म दिसणार नाही; ध्वनिबदलाचे नियम जाणणाऱ्याला मात्र दिसेल.

काय सुटले, काय उरले

इतक्या विचारानंतर काही गोष्टी स्थिर झाल्या आहेत. छंदाला आणि कोड्याला अक्षर, व्याकरणाला वर्ण आणि यंत्राच्या साठवणुकीला संकेत ही एकके योग्य आहेत, याबद्दल फारसा मतभेद नाही. शब्दाच्या पोटातून शोधण्याचे तंत्रही आता हाताशी आहे.

अनिर्णित प्रश्न चार. पहिला, खेळासाठी आणि स्पर्धेसाठी शब्द म्हणजे कोशातली नोंद की वापरातले रूप, याचा सर्वमान्य निवाडा नाही. दुसरा, मात्रा चुकली पण व्यंजन जुळले, तर त्या उत्तराला अर्धे श्रेय द्यायचे की शून्य, हे प्रत्येक खेळ रचणारा आपापल्या मनाने ठरवतो. तिसरा, ‘निरोष्ठ’ म्हणताना प-वर्गच वर्ज्य की उ-ऊ, ‘व’ आणि ओ-औसुद्धा, यावर रिसोडसारख्या शब्दाचा निकाल अवलंबून आहे. चौथा सर्वांत जुना: अक्षरांचे बंधन काव्याला तारते की मारते. आनंदवर्धन आणि मोरोपंत यांच्यामध्ये तो अजून उभाच आहे, आणि बहुधा प्रत्येक कवितेपुरता वेगळा सुटतो.

माझ्या दृष्टीने यांतला दुसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. मराठी मुले इंग्रजी अक्षरांचे खेळ सहज खेळतात, कारण तिथे अक्षर म्हणजे काय हे आधीच ठरलेले आहे. मराठीत ते ठरवायला हवे, आणि ते ठरवणे हाच भाषेचा पहिला पाठ होऊ शकतो. प्रत्येक शब्दयादीवर, प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीत एक ओळ असावी: इथे आम्ही काय मोजले. तेवढ्याने निम्मे वाद मिटतील.

फळ्यावरची सहा नावे अजून तिथेच आहेत. मुलांना आता चौथा प्रश्न विचारता येईल: मंगरूळपीरमध्ये अक्षरे किती? कुणी सहा म्हणेल, कुणी नऊ, कुणी तेरा, आणि कान देऊन ऐकणारे एखादे मूल अकरा म्हणेल. चौघांनाही बरोबर म्हणावे आणि मग विचारावे: तू काय मोजलेस?